पाण्याच्या पाठीवरचा एक रेणू जाड थर: सोलापुरात आंतरपृष्ठांच्या प्रयोगांना सुरुवात करताना

नवा टर्किश टॉवेल बादलीत टाकून पाहा. सोलापूरच्या कुठल्याही घरात हा प्रयोग लगेच करता येतो. सूत अस्सल असूनही पहिल्या धुण्याआधी तो पाणी नीट टिपत नाही, थेंब वरच्यावर गोळा होऊन बसतात. कारण फिनिशिंगमध्ये दिलेला सॉफ्टनर. त्याचे लांब शेपटीचे रेणू धाग्याला डोक्याकडून चिकटतात आणि तेलकट शेपट्या बाहेर काढतात. थर जेमतेम काही नॅनोमीटरचा, पण पाण्याला तेवढाच दिसतो, आतला कापूस दिसत नाही. दोन-तीन धुण्यांत थर निघाला की टॉवेल पाणी पिऊ लागतो.

रेणू आणि नॅनोकण पृष्ठभागावर, किंवा दोन द्रवांच्या सीमेवर (ज्याला आपण आंतरपृष्ठ म्हणतो) कसे रचले जातात, हा विषय एवढ्याच गोष्टीभोवती फिरतो. हा लेख एमएस्सीच्या प्रकल्पासाठी किंवा संशोधनाच्या पहिल्या वर्षी या विषयात शिरणाऱ्यांसाठी आहे. आधी परातीतला प्रयोग, मग पाण्याची शुद्धता, मग लँगम्युअर ट्रफ (पाण्यावरचा थर पट्टीने दाबायचं उथळ भांडं), मग तेल-पाण्याच्या सीमेवर सोन्याचे कण, आणि शेवटी थर काचेवर उचलून तपासणं. क्रम बदलू नका. सोन्याच्या कणांचं आकर्षण सगळ्यांना असतं, पण ट्रफवर हात बसल्याशिवाय तिथे काय बिघडलं हे कळत नाही.

आधी परात

१७७४ मध्ये बेंजामिन फ्रँकलिन यांनी लंडनजवळच्या क्लॅपहॅमच्या तळ्यावर चमचाभर तेल ओतल्याचं लिहिलं. सुमारे अर्धा एकर पाणी शांत झालं, असं त्यांनी नोंदवलं. चमचा ५ मिलिलिटरचा धरला आणि अर्धा एकर म्हणजे सुमारे २,००० चौरस मीटर, तर भागाकार येतो २.५ नॅनोमीटर. म्हणजे जवळपास एका रेणूची लांबी. हा भागाकार त्यांनी स्वतः केला नव्हता. आपण तो परातीत करू. सिद्धेश्वर तलावात तेल ओतायला कोणी जाऊ नये.

४० सेंटीमीटर किंवा त्याहून मोठी स्टीलची परात घ्या. साबणाने घासून ती इतकी धुवा की साबणाचा मागमूस राहणार नाही. मग शेवटचं पाणी डिस्टिल्ड. परातीत बोटभर पाणी भरून ते स्थिर होऊ द्या. वर लायकोपोडियमची पूड भुरभुरवा, ती कॉलेजच्या फिजिक्स लॅबमध्ये बहुधा असते. नसेल तर बिनवासाची साधी टाल्क मलमलीतून गाळून वापरा. हळद नको, तिच्यात स्वतःचं तेल असतं.

ओलेइक आम्ल १ मिलिलिटर घेऊन अल्कोहोलने २० मिलिलिटर करा. त्यातलं १ मिलिलिटर घेऊन पुन्हा २० मिलिलिटर करा. झालं ४०० पट पातळ द्रावण. ड्रॉपरचे किती थेंब मिळून १ मिलिलिटर होतो ते आधी मोजा, साधारण ५० भरतात. एक थेंब परातीच्या मधोमध सोडा. पूड झटकन बाजूला सरकते आणि मोकळं वर्तुळ दिसतं. अल्कोहोल उडेपर्यंत वर्तुळ थोडं जास्त फुगलेलं असतं, ते आक्रसून स्थिरावलं की व्यास मोजा. ०.०२ मिलिलिटरच्या थेंबात शुद्ध आम्ल फक्त ०.००००५ मिलिलिटर असतं. व्यास २० सेंटीमीटरच्या आसपास आला तर थराची जाडी १.६ नॅनोमीटर निघते. वर्तुळ फारच लहान आलं, किंवा पूड हललीच नाही, तर पाण्यावर आधीच कुठला तरी थर पसरलेला आहे: साबण, हाताचं तेल, परातीचा ओशटपणा. डब्यातली शेंगाचटणी खाऊन नुसत्या पाण्याने हात धुतला आणि ते बोट परातीत बुडवलं, तर नेमकं हेच होतं. हे मुद्दाम एकदा करून पाहावं, कारण पुढच्या प्रत्येक अपयशाचं मूळ इथेच सापडतं.

पाणी: अर्धं काम इथेच

एक हिशेब डोक्यात कायमचा बसवा. स्टिअरिक आम्लाचा एक रेणू पाण्यावर उभा राहिला की सुमारे ०.२० चौरस नॅनोमीटर जागा व्यापतो. ३० सेंटीमीटर लांब आणि ७.५ सेंटीमीटर रुंद, म्हणजे २२५ चौरस सेंटीमीटरचा ट्रफ घट्ट झाकायला ५३ मायक्रोग्रॅम आम्ल पुरतं. त्याच ट्रफमध्ये १ सेंटीमीटर खोल पाणी असेल तर ते २२५ मिलिलिटर. त्या पाण्यात लिटरला फक्त १ मिलिग्रॅम तेलकट अशुद्धी असली, तरी ट्रफमध्ये २२५ मायक्रोग्रॅम जमली. म्हणजे तुमच्या संपूर्ण थराच्या चौपट. सगळी वर आली नाही तरी जेवढी येईल तेवढी तुमच्या मोजमापात शिरणार. रसायनशास्त्रात इतरत्र ९९.९ टक्के शुद्ध म्हणजे उत्तम, इथे ते पुरत नाही.

सोलापुरात नळाला उजनीचं किंवा हिप्परग्याचं पाणी येतं, आणि बऱ्याच इमारतींत त्यात बोअरचं मिसळलेलं असतं. बोअरचं पाणी काळ्या दगडातून येतं, त्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम भरपूर. हे क्षार डिस्टिलेशनने जातात. जात नाहीत ती बाष्पाबरोबर उडून येणारी सेंद्रिय द्रव्यं. म्हणून एकदा डिस्टिल केलेलं पाणी या कामाला चालत नाही. अल्ट्राप्युअर यंत्र असेल तर १८.२ मेगाओम-सेंटीमीटरचं पाणी घ्या, पण हा आकडा फक्त आयन नसल्याचं सांगतो, तेल नसल्याचं सांगत नाही, हे विसरू नका. यंत्र नसेल तर डिस्टिल्ड पाण्यात थोडं पोटॅशियम परमँगनेट आणि चिमूटभर कॉस्टिक घालून, पूर्ण काचेच्या यंत्रात पुन्हा डिस्टिल करा. परमँगनेट सेंद्रिय द्रव्यं जाळून टाकतं. पहिला दहावा भाग फेकून द्या आणि तळाशी पाचवा भाग उरला की थांबा.

असं पाणी प्लॅस्टिकच्या कॅनमध्ये भरलं की मेहनत गेली. प्लॅस्टिक मऊ ठेवणारी द्रव्यं हळूहळू पाण्यात उतरतात. काचेच्या बाटलीत ठेवा आणि त्याच दिवशी वापरा.

तपासणी दोन प्रकारे. स्वच्छ बाटली अर्धी भरून जोरात हलवा. बुडबुडे सेकंदाभरात फुटले पाहिजेत, रेंगाळले तर पाणी वाईट. दुसरी तपासणी पृष्ठताणाची. २० अंश सेल्सिअसला ७२.८ मिलिन्यूटन प्रति मीटर, २५ ला ७२.०, ३० ला ७१.२, ३५ ला ७०.४, ४० ला ६९.६. सोलापूरच्या मे महिन्यात एसी नसलेल्या लॅबमध्ये पाणी सहज ३५ अंशांवर असतं. मग ७०.४ दिसलं म्हणून पाण्याला दोष देऊ नका, आधी थर्मामीटर बघा.

काचसामान डिटर्जंटने धुऊन, अल्कोहोलमधल्या पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये दहा मिनिटं बुडवा, मग पाणी, मग सौम्य हायड्रोक्लोरिक आम्ल, मग शुद्ध पाण्याच्या किमान दहा खळबळण्या. एक इशारा मनापासून देतो: क्लोरोफॉर्म लागलेलं भांडं या अल्कलीच्या टबात कधीही टाकू नका. क्लोरोफॉर्म आणि तीव्र अल्कली यांची प्रक्रिया भडकते, आणि सोबत ॲसिटोन असेल तर आणखीच. म्हणून वाया गेलेल्या क्लोरोफॉर्मची बाटलीही ॲसिटोनपासून वेगळी ठेवायची. पिरान्हा द्रावणाचं (तीव्र सल्फ्युरिक आम्ल आणि हायड्रोजन पेरॉक्साइड) नाव वाचनात येईल. नवख्याने त्याच्या वाटेला जाऊ नये, या लेखातल्या कुठल्याच प्रयोगाला ते लागत नाही.

ट्रफ उभा करणं

एकपदरी थराचा अभ्यास स्वयंपाकघरात सुरू झाला हे सांगायला हवं. जर्मनीतल्या ब्राउनश्वाइगच्या ॲग्नेस पॉकेल्स यांनी घरी पत्र्याचं उथळ भांडं आणि आडवी पट्टी वापरून पाण्याचा पृष्ठभाग दाबायची युक्ती काढली. त्यांचं पत्र लॉर्ड रॅले यांच्यामार्फत १८९१ मध्ये 'नेचर'मध्ये छापून आलं. अर्व्हिंग लँगम्युअर यांनी तीच पद्धत १९१७ मध्ये रेणूंच्या मापापर्यंत नेली आणि त्यांना १९३२ चं नोबेल मिळालं. नाव लँगम्युअरचं लागलं, पट्टी मात्र पॉकेल्सची.

ट्रफ टेफ्लॉनचाच हवा. तयार ट्रफ महाग असतो, पण टेफ्लॉनच्या जाड पाटातून ३०० गुणिले ७५ मिलिमीटरचा आणि १० मिलिमीटर खोल खळगा कोरून घेता येतो. अक्कलकोट रोड किंवा चिंचोळीच्या एमआयडीसीत मिलिंगचं काम करणाऱ्यांकडे चौकशी करा. त्यांना दोन गोष्टी स्पष्ट सांगा: काठ एका पातळीत आणि गुळगुळीत हवा, आणि कापताना कटिंग ऑइल वापरू नये. तरी थोडं लागतंच. हेक्झेन, मग क्लोरोफॉर्म, मग उकळतं शुद्ध पाणी, अशा क्रमाने निदान तीन वेळा धुवा. पट्टी, म्हणजे बॅरियर, टेफ्लॉनची किंवा डेल्रिनची. ती काठावर आडवी टेकून सरकते. सरकवायला सिरिंज पंप किंवा स्टेपर मोटर. काहीच नसेल तर स्क्रूने हाताने ५ मिलिमीटर सरकवून मिनिटभर थांबायचं, असंही चालतं आणि शिकायला चांगलं असतं.

थरामुळे पाण्याचा पृष्ठताण जेवढा उतरतो, तेवढा थराचा दाब. तो मोजायला विल्हेल्मीची पट्टी लागते. प्लॅटिनमची पट्टी घेण्याऐवजी व्हॉटमन नंबर १ फिल्टर पेपर १० मिलिमीटर रुंद कापा. जाडी साधारण ०.२ मिलिमीटर, म्हणजे परिमिती २०.४ मिलिमीटर. ही पट्टी तळाशी हुक असलेल्या वजनकाट्याला बारीक तारेने लटकवा, खालची कड पाण्याला टेकलेली. पृष्ठताण १ मिलिन्यूटन प्रति मीटरने कमी झाला की काट्यावर २.०८ मिलिग्रॅम कमी दिसतात. ०.१ मिलिग्रॅम वाचणारा काटा असेल तर फारच चांगलं. १ मिलिग्रॅमचा असेल तरी अर्ध्या मिलिन्यूटनपर्यंत अचूकता मिळते, पहिल्या प्रकल्पाला ती पुरते. पेपर वापराआधी २० मिनिटं शुद्ध पाण्यात भिजवा. नाही तर प्रयोगभर तो पाणी शोषत राहतो आणि शून्य सरकतं.

लॅबमध्ये पंखा बंद. उन्हाळ्यात हे कठीण आहे, म्हणून ट्रफवर ॲक्रिलिकची पेटी हवीच. पूर्व भागात किंवा यंत्रमागाच्या आसपास लॅब असेल तर हवेत सुताची कुसळं तरंगतात. एक कुसळ बॅरियरखाली अडकलं तर तिथून थर मागे गळतो आणि दाब चढतच नाही. बाष्पीभवनही इथे जोरात. पातळी अर्धा मिलिमीटर उतरली की बुडलेल्या पेपरवरचा वर ढकलणारा जोर बदलून अर्ध्या मिलिन्यूटनची खोटी चूक शिरते. पेटीत कोपऱ्यात ओला स्पंज ठेवला तर हे बरंच आटोक्यात येतं. निवड हातात असेल तर डिसेंबर-जानेवारी, गड्ड्याच्या जत्रेच्या आगेमागे मोजमापं घ्या. मार्च ते मे द्रावणं, हिशेब आणि वाचनासाठी ठेवा.

पहिला आयसोथर्म

आयसोथर्म म्हणजे तापमान स्थिर ठेवून काढलेला, दर रेणूमागची जागा आणि दाब यांचा आलेख.

१. स्टिअरिक आम्ल २५ मिलिग्रॅम, ५० मिलिलिटरच्या मेजरिंग फ्लास्कमध्ये क्लोरोफॉर्मने खुणेपर्यंत. म्हणजे ०.५ मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर. ५ मिलिग्रॅम तोलून १० मिलिलिटर करण्याचा मोह टाळा, तोलण्यातली चूक पाचपट वाढते. फ्यूम हूडमध्येच काम करायचं.

२. ट्रफ पाण्याने इतका भरा की पाणी काठाच्या मिलिमीटरभर वर फुगून उभं राहील. टेफ्लॉन पाण्याला धरत नाही म्हणून हे शक्य होतं.

३. बॅरियर पुढे नेत पृष्ठभाग झाडा आणि टोकाशी जमलेला मळ काचेच्या नळीने, पंप लावून शोषून घ्या. पुन्हा मागे, पुन्हा पुढे. रेणू न टाकता बॅरियर पूर्ण मिटवल्यावर दाब ०.३ मिलिन्यूटनपेक्षा जास्त चढत नसेल तेव्हाच पुढची पायरी. पाच-सहा फेऱ्या सहज लागतात.

४. काचेच्या हॅमिल्टन सिरिंजने ५३ मायक्रोलिटर द्रावण, एकेक लहान थेंब, वेगवेगळ्या ठिकाणी, सुईचं टोक पाण्याच्या अगदी जवळ आणून टेकवत सोडा. उंचावरून पडलेला थेंब बुडतो आणि त्यातलं आम्ल पाण्याखाली जातं. मायक्रोपिपेटचं प्लॅस्टिकचं टोक क्लोरोफॉर्मला चालत नाही, कारण क्लोरोफॉर्म त्यातलंच काही विरघळवून आणतो. रबरी हातमोज्यांचंही तेच. एवढ्या मात्रेत सुरुवातीला दर रेणूला ०.४० चौरस नॅनोमीटर जागा मिळते.

५. क्लोरोफॉर्म उडायला १५ मिनिटं थांबा.

६. मिनिटाला १० मिलिमीटर वेगाने दाबा. क्षेत्रफळ २२५ वरून १०० चौरस सेंटीमीटरवर यायला सुमारे १७ मिनिटं लागतात. दर अर्ध्या मिनिटाला क्षेत्रफळ आणि वजन लिहा.

शुद्ध पाण्यावर, खोलीच्या तापमानाला, आलेख असा दिसला पाहिजे: दर रेणूमागे ०.२५ चौरस नॅनोमीटरपर्यंत दाब जवळजवळ शून्य, मग चढ, २५ मिलिन्यूटनच्या आसपास एक स्पष्ट वळण, आणि त्यानंतर जवळपास उभी रेघ. वळणाआधी शेपट्या तिरक्या उभ्या असतात, वळणानंतर सरळ. ती उभी रेघ खाली शून्य दाबापर्यंत वाढवली की ०.२० च्या जवळ टेकते. शेवटी थर मोडतो आणि दाब वाढायचा थांबतो किंवा घसरतो.

आता बिघाड. आलेख उजवीकडे सरकून ०.२३ वगैरे दाखवत असेल, तर द्रावण घट्ट झालं आहे. क्लोरोफॉर्म ६१ अंशांना उकळतो, आपल्या उन्हाळ्यात कुपी उघडी राहिली की पंधरा मिनिटांत फरक पडतो. तुम्ही मोजता त्यापेक्षा जास्त रेणू पडले, म्हणून गर्दी लवकर झाली. आलेख डावीकडे, ०.१८ च्याही खाली गेला, तर रेणू हरवले आहेत. घनरूप स्फटिकातसुद्धा अशा शेपटीला सुमारे ०.१८५ लागतात, त्याहून कमी जागेत ती एका थरात उभी राहूच शकत नाही. थेंब बुडले असतील, सिरिंजमध्ये बुडबुडा असेल, किंवा बॅरियरखालून गळती असेल. गळती ओळखायची तर २० मिलिन्यूटनवर थांबून दहा मिनिटं बघा. थर थोडा स्थिरावतो, पण दाब सतत कोसळत असेल तर गळतंय.

२५ चं वळणच दिसलं नाही आणि आलेख सुरुवातीपासून ताठ चढला, तर पाण्यात कॅल्शियम आहे. आम्लाची डोकी कॅल्शियमने बांधली जातात, थर कॅल्शियम स्टिअरेटचा बनतो आणि तिरकी अवस्था गायब होते. साबणाला फेस न येणाऱ्या बोअरच्या पाण्यात जे घडतं, तेच इथे एका रेणूच्या जाडीत घडतं. ही चूक मुद्दामही करून बघा. त्यातून सोलापूरच्या पाण्यावर एक छान तुलनात्मक प्रकरण प्रबंधात बसतं.

तीन आयसोथर्म एकमेकांवर ०.००५ चौरस नॅनोमीटरच्या आत बसेपर्यंत दुसरं काही सुरू करू नका.

तेल-पाण्याच्या सीमेवर सोनं

आधी कण. काचसामान अक्वा रेजियाने धुवायचं: तीन भाग हायड्रोक्लोरिक, एक भाग नायट्रिक, हूडमध्ये, ताजं बनवून, आणि बाटलीत बूच लावून कधीच ठेवायचं नाही, कारण त्यातून वायू सुटत राहतो. भांड्याच्या भिंतीवर जुन्या सोन्याचा कण राहिला तर नवीन कण त्याच्यावरच वाढतात आणि आकार बिघडतो.

०.०१ टक्का क्लोरोऑरिक आम्लाचं द्रावण ५० मिलिलिटर, वर कंडेन्सर लावून, ढवळत उकळवा. उकळी नीट आली की १ टक्का ट्रायसोडियम सायट्रेट १ मिलिलिटर एकदम ओता. जी. फ्रेन्स यांनी १९७३ मध्ये दिलेल्या या प्रमाणाने कण सुमारे १६ नॅनोमीटरचे येतात, सायट्रेट निम्मं केलं तर ४० च्या आसपास. रंग आधी उडतो, मग जांभळट होतो आणि काही मिनिटांत डाळिंबाच्या रसासारखा लाल. आणखी १५ मिनिटं उकळून ढवळतच थंड करा. यूव्ही-व्हिजिबल स्पेक्ट्रममध्ये (कुठल्या तरंगलांबीचा प्रकाश किती शोषला जातो याचा आलेख) शिखर ५२० नॅनोमीटरजवळ आणि निमुळतं हवं. निळसर झाक म्हणजे कण एकमेकांना चिकटले. कारण नेहमीचंच: मळकी काच किंवा क्षार. चांगल्या सोलच्या, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या कणांच्या या लाल द्रवाच्या, २ मिलिलिटरमध्ये मिठाच्या पाण्याचे दोन-चार थेंब टाकले की तो डोळ्यांदेखत निळा होतो. फ्रिजमध्ये ठेवा, पण गोठवू नका, गोठलेला सोल परत लाल होत नाही.

आता पुरेसे कण आहेत का याचा हिशेब. ५० मिलिलिटरमध्ये सोनं अडीच मिलिग्रॅम, १६ नॅनोमीटरच्या एका कणाचं वजन पाहता सुमारे ६ वर १३ शून्यं इतके कण. षट्कोनी रचनेत केंद्रांमधलं अंतर १८ नॅनोमीटर धरलं तर ५ मिलिलिटर सोल सुमारे १७ चौरस सेंटीमीटर झाकतो. ५ सेंटीमीटर व्यासाच्या काचेच्या पात्राचं तोंड जवळपास २० चौरस सेंटीमीटरचं. म्हणजे १० मिलिलिटर सोल घेतला तर सगळे कण वर आले नाहीत तरी थर पूर्ण होतो.

पात्रात १० मिलिलिटर सोल, वर ४ मिलिलिटर हेप्टेन. हेक्झेनही चालतं, पण ते मज्जातंतूंना जास्त घातक आणि ६९ अंशांनाच उकळतं. मे महिन्यात ते थर बसायच्या आत उडून जातं. आसपास ज्योत नको. सुई सीमेजवळ नेऊन इथेनॉल मिनिटाला अर्धा मिलिलिटर, एकूण ४ ते ५ मिलिलिटर सोडा. सीमेवर सोनेरी चकाकी धरू लागते आणि खालचा लाल रंग फिका पडतो. प्रकाश आरपार पाहिला तर तोच थर निळा दिसतो, कारण कण इतके जवळ आले आहेत की त्यांच्या इलेक्ट्रॉनांची आंदोलनं एकमेकांत गुंततात आणि शिखर ५२० वरून ६०० च्या पुढे सरकतं.

हे का घडतं ते समजून घेतलं की बिघाडही उलगडतो. कण सीमेवर बसला की तेल आणि पाणी यांची तेवढी भेट टळते, म्हणून ऊर्जा वाचते. १६ नॅनोमीटरचा कण बरोबर अर्धा-अर्धा भिजत असेल, म्हणजे स्पर्शकोन (सीमा कणाच्या पृष्ठभागाला टेकते तिथला, पाण्याच्या बाजूने मोजलेला कोन) ९० अंश, आणि सीमेचा ताण ५० मिलिन्यूटन, तर ही बचत रेणूंच्या उष्ण धडपडीच्या, ज्याला आपण केटी म्हणतो, त्याच्या सुमारे २,४०० पट. कण सुटणारच नाही. स्पर्शकोन ३० अंशांवर आला की तीच बचत फक्त ४४ केटी. आणि कण २ नॅनोमीटरचा असेल तर ९० अंशांवरही ३८ केटी, कोन ६० अंशांवर आला की दहाच्या आत. म्हणून फार लहान कण येतात आणि जातात.

मग सायट्रेटचे कण आपण होऊन वर का येत नाहीत? कारण ते सगळे ऋणभारित असतात. एकमेकांनाही ढकलतात आणि सीमेलाही टाळतात, शिवाय त्यांना पाणी फारच आवडतं, कोन लहान. इथेनॉल भार कमी करतं आणि कोन ९० कडे नेतं. घाईने ओतलं तर कणांचा भार पाण्यातच संपतो आणि ते सीमेवर पोचण्याआधी एकमेकांना चिकटतात: काळपट ठिपके, खाली गाळ. थर भिंतीवर चढून जात असेल तर काच फार पाणीप्रेमी आहे. थर तुटक बेटांचा असेल तर बहुधा कण कमी पडलेत. या प्रयोगात संयमाला पर्याय नाही.

थर उचलणं आणि बघणं

स्टिअरिक थरासाठी पाण्यात ०.५ मिलिमोलर कॅल्शियम क्लोराइड आणि थोडा बायकार्बोनेट घाला. मघाशी शत्रू असलेलं कॅल्शियम इथे थराला ताठपणा देतं. स्वच्छ काच रेणू पसरण्याआधीच पाण्यात बुडवून ठेवा, थर ३० मिलिन्यूटनवर स्थिर करा, आणि मिनिटाला ५ मिलिमीटर वेगाने वर ओढा. पहिला थर वर येताना बसतो. १५ मिनिटं वाळवा, मग पुन्हा खाली-वर. प्रत्येक थर सुमारे २.५ नॅनोमीटर. थर गेला तितकंच क्षेत्रफळ बॅरियरने गमावलं का ते बघा: गुणोत्तर ०.९५ ते १.०५ हवं. खाली जाताना ते शून्याकडे गेलं तर आधीचा थर पाण्यात परत सुटतो आहे, बहुतेक वेळा वाळवायची घाई झाल्याने. हीच पद्धत वापरून कॅथरीन ब्लॉजेट यांनी १९३८ मध्ये ४४ थर देऊन काचेची चकाकी घालवली.

सोन्याच्या थरासाठी उभी ओढ नको. वरचं हेप्टेन बरंचसं उडू द्या आणि काच आडवी धरून वरून अलगद टेकवा, किंवा आधीच तिरकी बुडवलेली काच हळू वर घ्या. सोलचा थेंब काचेवर वाळवून त्याला रचना म्हणणं चूक आहे. थेंबाच्या कडेला बाष्पीभवन जास्त, म्हणून पाणी सतत कडेकडे वाहतं आणि कण तिथे कड्यासारखे साचतात, चहाच्या डागासारखे. सोलापूरच्या कोरड्या हवेत हे कडं अधिकच ठळक येतं.

तपासणीची सुरुवात मोबाईलने होते. ३ मायक्रोलिटर पाण्याचा थेंब काचेवर ठेवा, मागे पांढरा प्रकाश, कॅमेरा अगदी समपातळीत, आणि इमेजजे या फुकट सॉफ्टवेअरमध्ये कोन मोजा. स्वच्छ काचेवर १० अंशांहून कमी, शेपट्या बाहेर असलेल्या चांगल्या थरावर १०० च्या वर. पाच जागी मोजा. पाच अंशांहून जास्त फरक पडला तर थर सलग नाही. सोन्याचा पातळ मुलामा दिलेली काच मिळाली, तर इथेनॉलमधल्या १ मिलिमोलर ऑक्टाडेकेनथायॉलमध्ये रात्रभर बुडवून ठेवा. कोन ११० च्या आसपास येतो. बहुतेक रेणू पहिल्या काही मिनिटांतच चिकटतात, उरलेले तास ते नीट उभे राहायला घेतात.

ज्या नमुन्यांचा आयसोथर्म, गुणोत्तर, कोन आणि स्पेक्ट्रम चांगला आहे तेवढेच एएफएम (टोकदार सुईने पृष्ठभाग चाचपणारा सूक्ष्मदर्शक) किंवा एसईएमला (इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक) पाठवा. त्यांचा वेळ महाग असतो, आणि केगावच्या विद्यापीठात असो की पुण्यात, नंबर लागायला थांबावं लागतं. काचेच्या मागच्या बाजूला डायमंड पेन्सिलीने क्रमांक कोरा. समोरच्या बाजूवर मार्करची शाई नको, ती थरावर पसरते. नमुना पेट्री डिशमध्ये चार कोपऱ्यांना कार्बन टेपने चिकटवा, कागदात गुंडाळू नका. एसटीने नेणार असाल तर डिश हातात ठेवा, डब्याच्या पिशवीत नको. आणि प्रत्येक नमुन्याबरोबर त्या दिवशीचं पाण्याचं तापमान, पाण्याचा पृष्ठताण आणि द्रावण कधी बनवलं ती तारीख वहीत लिहिलेली असू द्या. चित्रात काही अनपेक्षित दिसलं की पहिला प्रश्न याच तीन आकड्यांबद्दल येतो.